श्री नावाचं रिकामं फोल्डर

कंप्युटर चालू केला की आधी एक फोल्डर उघडायचं. नाव 'श्री'. आत काही नाही, कोरं पांढरं. ते बंद केलं की मग आपलं काम. दसऱ्यानंतर कधीतरी हे सुरू झालं आणि कितीतरी दिवस आमच्या घरात कुणी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मला वाटायचं ह्यांनी केलंय, ह्यांना वाटायचं मी केलंय. आमचा अर्धा संसार असाच चाललाय.

घरात माणसं तीन. हे कॉलेजात अकाउंट्स शिकवतात. मी गारखेड्यातल्या आमच्या घरीच, पुढच्या खोलीत, बी.कॉम.च्या मुलांचा क्लास घेते, तोही अकाउंट्सचाच. तिसरे माझे सासरे, तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेले. सकाळी दिवाणावर बसून घरचा पेपर वाचायचा आणि दुपारी कंप्युटरवर बाहेरगावचे. मध्यंतरी ते ज्येष्ठ नागरिकांच्या कंप्युटर वर्गाला जात होते. पण तिथं जाणं चहासाठी आणि गप्पांसाठी, असं आमचं दोघांचंही पक्कं मत होतं.

दिवाळी झाली आणि ह्यांच्याकडे तिसऱ्या वर्षाचा पेपर काढायचं काम आलं. मी त्याच आठवड्यात माझी तिसऱ्या वर्षाची बॅच बंद केली. मला कुणी सांगितलं नव्हतं, मीच केली. बायकोचा क्लास आणि नवऱ्याचा पेपर, लोकांना तेवढं पुरतं. पेपर फुटला अशी ओरड व्हायला तो खरंच फुटावा लागतो थोडाच? एकानं दुसऱ्याच्या कानात सांगितलं की ह्यांची नोकरी गोत्यात आणि माझ्या क्लासला कुलूप. एवढ्या वर्षांत उभा केलेला क्लास. पोरं हिरमुसली, पण मी त्यांना दुसऱ्या मॅडमकडे धाडून दिलं.

आणि मग एका सकाळी ह्यांना ते फोल्डर नव्यानं दिसलं.

"हे तू केलंस?"

"मी कशाला करू? मला वाटलं तुम्हीच."

"मी नाही."

मग माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला चांगली ओळखीची आहे. पेपर तपासताना दोन पोरांची चूकसुद्धा एकसारखी निघाली की हे अशी मान तिरकी करतात. सासरे दिवाणावर होते. त्यांनी पेपर थोडा वर धरला. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

आधी व्हायरस शोधून झाला. दुपारभर मशीन घरघरत होती, निघालं काहीच नाही. काही निघालं नाही म्हटल्यावर माणसाला बरं वाटावं की नाही? ह्यांचा संशय उलट बळावला. "रिकामं फोल्डर कोण कशाला करेल? आत काहीतरी होतं. कुणीतरी काढून घेतलं."

"मग डिलीट करून टाका ना एकदाचं!"

ह्यांनी माउस त्यावर नेला आणि थांबले. "तू कर."

"मी नाही बाई. श्री आहे तो. कचऱ्यात टाकू?"

आता कुणाला हसू येईल, पण लग्नपत्रिकेवरचा गणपतीसुद्धा मी कापून डब्यात जपून ठेवते आणि माहेरी पैठणला गेले की गोदावरीत सोडते. श्रीवर डिलीटचं बटण दाबायला माझा हात कसा धजावा? ह्यांचाही धजावला नाही. पण त्यातूनही ह्यांनी काय काढावं! "बघ, जो कुणी आहे तो पक्का आहे. श्री नाव दिलं की आपण हात लावणार नाही, हे त्याला ठाऊक आहे."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी पासवर्ड बदलला. मला सांगितला नाही. सासऱ्यांना दुपारी पेपर वाचायचा असला तर हे स्वतः सकाळी मशीन उघडून देऊन जायचे, आणि पेपर काढायचं काम सगळं पेनड्राइव्हवर, पेनड्राइव्ह खिशात. तरी 'श्री' आपलं उघडतंच. "पासवर्ड बदलूनही उघडतं, म्हणजे घरातलंच काम आहे," हे म्हणाले. घरातलं म्हणजे कोण? सासऱ्यांना तर कुणी धरतच नव्हतं. राहिली कोण?

खोटं कशाला बोलू, संशयात मीही काही कमी नाही. दूधवाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत मी कुणाला सोडत नाही. मला वाटायला लागलं की हा ह्यांचाच सापळा आहे. मी ते फोल्डर बंद करते का, त्यावरून मी मशीनला हात लावला का हे ह्यांना कळणार. मग मी कंप्युटरच्या खोलीत झाडू मारायचंही सोडलं. धूळ साचली तर साचू दे म्हटलं.

एका संध्याकाळी क्लासची मुलं गेल्यावर हे दारात उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "खरं सांग. ह्यातल्या कुणाला मशीनवर बसू दिलं होतंस का? चुकून?"

ते 'चुकून' माझ्या डोक्यात गेलं. सरळ चोर म्हणाले असते तर बरं झालं असतं.

"बॅच मी कुणासाठी बंद केली?" मी विचारलं.

"तेच तर. एकदम बंद केलीस."

म्हणजे त्याचाही पुरावाच झाला! मला रडू येत होतं, पण मी रडले नाही. मीच म्हटलं, रविवारी बघू, तुमच्या डोळ्यांदेखत शोधून काढते, आणि निघालं माझं तर क्लासची पाटी मी स्वतः उतरवीन.

रविवार आमच्या नळाचा वार निघाला. जायकवाडी काठोकाठ भरलं तरी आमच्या नळाला त्याचा पत्ता नसतो, त्यामुळे पाणी येतं त्या दिवशी घरात दुसरं काही होत नाही. मी म्हटलं, आज पिंप कोरडं राहिलं तरी चालेल. ह्यांना खुर्ची ओढून शेजारी बसवलं. क्लासमध्ये मी पोरांना जमा-खर्चातली चूक जशी शोधायला लावते तशीच सुरुवात केली, एकेक बाजू तपासत. मागच्या वेळी उघडी राहिलेली फोल्डरं आपोआप उघडायची सोय असते, ती बंदच होती. टास्क मॅनेजरमधली स्टार्टअपची यादी पाहिली, त्यात अनोळखी काही नाही. मग स्टार्टअप नावाचं जे फोल्डर आत खोल दडलेलं असतं, मशीन सुरू झाली की ज्यातलं सगळं आधी उघडतं, ते उघडलं. तिथं बसला होता श्रीचा शॉर्टकट.

मी त्याची प्रॉपर्टीज उघडली. कधी बनवला? दसऱ्याच्या दुपारी.

आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो. दसऱ्याच्या दुपारी आम्ही पैठणला होतो, माझ्या माहेरी, सोनं द्यायला. हे माझ्याच भावाशेजारी बसून श्रीखंड हाणत होते.

दोघांनीही मान वळवून दिवाणाकडे पाहिलं. पेपर हळूहळू खाली आला.

"मीच केलंय ते," सासरे म्हणाले. "दसऱ्याला तुम्ही दोघं निघून गेले, मशीन तशीच. हत्यारांची पूजा व्हय ना? मागल्या साली सूनबाईनं कुंकू लावू दिलं नाय, बटनात जातं म्हणली. मग म्हटलं, आतून लावू. वर्गात शिकवलं होतं तसं केलं. आमच्या ऑफिसात श्री काढल्याबिगर नवं रजिस्टर उघडत नव्हतं."

"आणि आत?" ह्यांनी विचारलं.

"आत काय राहणार? श्री काढला, बस."

"मग बाबा, इतके दिवस बोलला का नाहीत?" मी विचारलं.

त्यांनी पेपरची घडी घातली. "लई तापले होते तुम्ही. मला वाटलं, माझं मशीनवर बसणं बंद करतान."

मला त्यांचा राग आला. समोर माझी अब्रू जात होती आणि ह्या माणसानं आपले दुपारचे पेपर वाचवले! आणि कीवही आली. आमच्या घरात त्यांना तेवढीच एक जागा स्वतःची वाटत असेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

हे मात्र हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. लगेच नणंदेला फोन लावला, "अगं, बाबांनी कंप्युटरला आतून कुंकू लावलं!" तिकडून तीही हसत होती. सासरेही कसनुसे हसले, उठून आले, हात जोडले आणि श्री स्वतःच उचलून दुसरीकडे ठेवला. मी सोडून सगळे खूश.

"बाबांनी केलं तर कौतुक," मी म्हटलं, "आणि मी केलं असतं तर पेपरफुटी."

"मिटलं ना आता? बाबांचं काय मनावर घेतेस?"

"बाबांचं नाही घेत. तुमचं घेतलंय."

पिंप कोरडंच राहिलं होतं, मी खालून बादल्या आणायला गेले.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात शेंगदाण्याची चटणी वाटत होते. हे कंप्युटरपाशी बसले होते. तिथूनच ओरडून म्हणाले, "अगं ऐक, नवा पासवर्ड सांगतो, लक्षात ठेव."

मी मिक्सर चालू केला. ते दोनदा ओरडले, मग दारापर्यंत आले आणि तिथं उभे राहून काहीतरी सांगत होते, ओठ हलताना दिसत होते. चटणी केव्हाच बारीक झाली होती. मी बटण बंद केलं नाही.