पहिलं फळ देवाचं

बडनेऱ्याच्या रस्त्याला लागून जी वस्ती आहे, तिथं माणिकबाईच्या दारातल्या झाडाएवढं डेरेदार झाड दुसरं नाही. त्याच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर तिचा नवरा सहदेव दिवसभर बसलेला असतो. जाणारायेणारा विचारतो, "काय सहदेवभाऊ, जेवले काय?"

"बरं."

"ऊन तर लागून नाही राहिलं ना?"

"बरं."

अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून त्याच्या तोंडात एवढा एकच शब्द उरला आहे. पण त्या एका शब्दाच्या त्याच्याकडे नाना चाली. भुकेचं बरं वेगळं, रागाचं वेगळं, आणि मेसमधल्या पोळ्या लाटून माणिकबाई घरी आली की निघतं ते अगदीच वेगळं.

पूर्वी हा माणूस ऑटो चालवायचा आणि रविवारी चर्चमध्ये ढोलकी वाजवून भजनं म्हणायचा. आवाज असा, की माईक बंद पडला तरी मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या दचकून जाग्या व्हायच्या. एकदा खुशालराव नर्सरीवाल्याकडून त्यानं संत्र्याचं कलम आणलं, दारात लावलं, आणि पुढच्या रविवारी भर मंडळीत उभा राहिला. "याले जे पहिलं फळ येईन, ते हंगामाच्या रविवारी देवाच्या पायाशी. माहा शब्द हाय." आणि ढोलकीवर एक थाप मारून खाली बसला.

हंगामाचा रविवार म्हणजे दिवाळीनंतरचा. ज्याच्या वावरात, परसात, घरात जे पिकलं ते त्यानं आणायचं. तुरीच्या हिरव्या शेंगा, कोहळं, कापसाची बोंडं, कोंबडा, काही नसेल त्यानं घरच्या करंज्या. सगळं वेदीपुढं मांडतात, आणि उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव. सहदेव त्या लिलावात सगळ्यात जास्त ओरडणारा. पण कलमाचा शब्द दिला, ते त्याचं मंडळीसमोरचं शेवटचं बोलणं. त्याच उन्हाळ्यात एका सकाळी ऑटोला चावी लावता लावता तो कलंडला.

माणिकबाईचा भाऊ धर्मेंद्र अकोल्याला राहतो. त्यानं तिकडच्या दवाखान्यात नेलं. सगळा उन्हाळा अकोल्यात गेला, आणि अकोल्याचा उन्हाळा काय असतो हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. परत आले तेव्हा सहदेव काठी धरून चार पावलं टाकत होता, पण बोलणं गेलं होतं. आणि दारातलं कलम वाळून काडी झालं होतं.

दुसरी बाई असती तर उपटून चुलीत घातलं असतं. माणिकबाई रोज भांडी धुतलेलं पाणी त्या काडीला घालायची. दुर्गाबाई शेजारीण म्हणायची, "मेलेल्याले पाणी पाजून राहिली काय वो?"

"तुह्या काय बापाचं जाते? माह्याच घरचं हाय पाणी."

आणि एक दिवस मातीलगत त्या काडीला हिरवा कोंब आला. माणिकबाईनं खुर्ची ओढत सहदेवला तिथं नेलं. त्या रविवारी तिनं साक्ष दिली. जन्मात ती कधी मंडळीसमोर उभी राहिली नव्हती. "झाड मेलं होतं, देवानं उठवलं. आता माह्या मालकाचं बोलनंही परत येईन. मी वाट पाहून राहिली." बायकांनी डोळे पुसले. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली.

मग वर्षं गेली. झाड वाढलं, सावली झाली, खुर्ची सावलीत आली. फळ येईना. बोलणंही येईना. झाडाला काटे असे लांब, की माणिकबाईच्या दोन लुगड्यांच्या चिंध्या झाल्या.

"संत्र्याले इतके काटे असतात काय?" दुर्गाबाई.

"जीव खाऊन वर आलं थे. काटे असतीनच."

"तुहा देव लय सावकाश येते वो, माणिक."

"पायी येऊन राहिला. ऑटोवाला घरी बसला ना त्याचा."

ती हे हसत म्हणायची. पण रात्री सहदेवच्या उजव्या हाताला तेल चोळताना रोज तेच मागायची: देवा, माणसाचं बोलणं दे, आणि त्यानं दिलेला शब्द मले पुरा करू दे. दुसरं काही मागत नव्हती.

गेल्या वर्षी झाड बहरलं. फळं धरली. दिवाळीपर्यंत पिवळीही झाली, पण अंगानं खडबडीत, फोड आल्यासारखी. हंगामाच्या रविवारच्या आदल्या दुपारी तिनं एक फळ तोडलं. बोटांनी सोलेना, विळीवर चिरलं. जाड साल, आत इवलासा गर. जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. संत्रं नव्हतंच ते.

तेवढ्यात रस्त्यानं खुशालराव चालले होते. तिनं हाक मारली.

"जंबेरी हाय ही, वहिनी, आंबट लिंबाची जात," ते खाली मान घालून म्हणाले. "आमी जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हंजे कोंब, बांधतो. तुमी अकोल्याले असताना वरचं संत्रं मेलं. खालचा खुंट जित्ता होता, थोच फुटला."

"तुमाले कवापासून माईत?"

"काटे पाह्यले तवापासून."

"मंग काहून नाही सांगतलं, भाऊ?"

"तुमी पानी घालून राहिल्या होत्या. सहदेववर सावली पडून राहिली होती. सांगून काय केलं असतं मी? झाड तोडाले लावलं असतं?"

ते गेले. माणिकबाई झाडाखाली बसून राहिली. फळाचं तिला तितकंसं वाटलं नाही. पण झाड उठलं म्हणून माणूसही बोलेल, या एका दोरीला धरून तिनं एवढी वर्षं काढली होती, आणि आता दोरीच हातात राहिली नाही. साक्ष खोटी पडली, तीही मंडळीसमोरची. "मी नाही जात उद्या," ती सहदेवला म्हणाली. "कोन्या तोंडानं जाऊ?"

रविवारी सकाळी ती चहा घेऊन बाहेर आली, तर सहदेव डावा हात काट्यांत घालून फळं तोडत होता. मनगट ओरबाडलेलं, मांडीवर टोपलं.

"काय करून राहिले हो?"

"बरं," सहदेव म्हणाला. रागाचं होतं. देवाला दिलेला शब्द त्याचा होता, तिचा नव्हता.

दोघं चर्चला गेले. कोहळं आणि तुरीच्या शेंगांमध्ये ते टोपलं वेदीपुढं राहिलं. लिलाव पुकारायला विपुल होता, चर्चच्या पंचांतला तरुण. टोपलं उचलून म्हणाला, "हे घ्या सहदेवभाऊची संत्री! देवी निघालेली दिसतात!" अंगण हसलं. माणिकबाई उठली.

"संत्री नाहीत थे. जंबेरी हाय. म्या इथं साक्ष देली होती का मेलेलं झाड उठलं. चुकली मी. वरचं मेलं थे मेलंच. खाली जे होतं थे जगलं, म्या त्यालेच पानी घातलं इतकी वर्सं. मालक बोलतीन का नाही, मले माईत नाही. पन पहिलं फळ देवाचं म्हनले होते. थे आनलं."

कुणी हसलं नाही. पाळकसाहेबांनी पुढं होऊन एक फळ उचललं, वास घेतला. "आता साक्ष पुरी झाली, माणिकबाई," एवढंच म्हणाले.

मग मागून एका म्हातारीचा आवाज आला, "अरे पुकार ना, बाबू! लोनच्याले यासारखं फळ नाही." आणि बायकांनी बोली सुरू केली. कोंबड्यासाठी झाली नसेल अशी चढाओढ. सहदेव डाव्या हातानं खुर्चीच्या दांड्यावर ताल धरून ओरडत होता, "बरं! बरं!" आणि विपुल त्याचीही बोली धरत होता. शेवटी सहदेवचंच फळ सहदेवच्याच गळ्यात पडतं की काय अशी पाळी आली, तेव्हा बाकीच्या पंचांनी सहदेवला आवरलं.

हिवाळा सरता सरता खुशालराव चाकू आणि पट्ट्या घेऊन आले. झाडावर उरलेल्या जंबेरीचं माणिकबाईनं लोणचं घातलं होतं, आणि बिया त्यांना रोपांसाठी हव्याच होत्या. बदल्यात दोन फांद्यांवर संत्र्याचे डोळे बांधून दिले. बाकीच्या फांद्या छाटतो म्हणाले, तर माणिकबाईनं चाकूच धरला. "राहू द्या. माह्या माणसावर सावली हाय त्याची."

"तीनेक वर्सं तरी लागतीन मंग संत्र्याले."

कुंपणापलीकडून दुर्गाबाई म्हणाली, "अजूक वाट पाहतं काय वो? कंटाळा नाही येत तुले?"

"नाही येत बाप्पा. आता सवय झाली. अन् तुहं काय, लोनचं तर खाऊनच राहिली ना?"

"थेच म्हनाले आली होती," दुर्गाबाईनं रिकामी बरणी कुंपणावर ठेवली. "संपलं."

माणिकबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. "द्याचं काय हो हिले?"

सहदेव झाडाकडं, मग बरणीकडं पाहून हसला.

"बरं," तो म्हणाला, आणि तिनं बरणी उचलली.