काळी दोनचा आवाज

सेवाग्रामला डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. घशातल्या गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. बाबांनी मान हलवली आणि विचारलं, “मंग गाणं?” डॉक्टर भला माणूस, खोटं बोलला नाही. आमच्या गावी, अल्लीपूरला, परतताना एसटीत बाबा खिडकीशी बसले होते. मी संतापले होते. बिड्यांवर, तंबाखूच्या खर्ऱ्यावर आणि खरं सांगायचं तर बाबांवर. इतकी वर्षं आईनं आणि मी कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

बाबांचं गावात किराण्याचं दुकान होतं, पण गाव त्यांना ओळखायचं ते शनिवारच्या भजनासाठी. मारुतीच्या देवळात पेटी पुढ्यात ओढून बसायचे आणि काळी दोनमध्ये गायचे. म्हणजे पेटीच्या काळ्या पट्ट्यांतली दुसरी पट्टी, तो त्यांचा सा. सोबतच्या लोकांना ती पट्टी उंच पडायची, तरी बाबा खाली उतरायचे नाहीत. त्यांचं सगळं आयुष्य मिळतंजुळतं घेण्यात गेलं, फक्त या एका गोष्टीत ते हट्टी होते.

मी तेव्हा हिंगणघाटला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते आणि घरी एक जोडून आणलेला कॉम्प्युटर होता. दोन हजार सालानंतरचा तो काळ, गावात अशी वस्तू बघायला लोक निमित्त काढून यायचे. ऑपरेशनच्या आधी बाबांची भजनं त्यात भरून ठेवायची असं मी ठरवलं. बाबांना विचारलंही नाही. विचारलं असतं तर नको म्हणाले असते.

वाटलं होतं तितकं ते सोपं नव्हतं. विजेची लाइन असायची तेव्हा शेजारची पिठाची चक्की चालू, आणि चक्की बंद म्हणजे लाइनही गेलेली. माइक लावला की स्पीकरमधून घूं असा एकसारखा आवाज यायचा. घराला अर्थिंग धड नव्हतं, हे त्या निमित्तानं कळलं. बाबांना तर माइकची सवयच नव्हती. देवळाच्या पायरीपर्यंत पोचेल असा गळा लावायचे आणि आवाज फाटायचा. शेवटी माइक खोलीच्या दुसऱ्या टोकाला गोधडीच्या घडीवर ठेवला, पंखा बंद केला, आणि चक्कीवाल्याच्या जेवणाच्या वेळेत भजनं घेतली. गाठीमुळे आवाज थोडा खरखरीत झाला होता, पण सूर लागत होता. आठ भजनं झाली. शेवटचं संपल्यावर बाबांनी पेटीचा भाता बंद केला आणि म्हणाले, “पुरे झालं पोरी.” मी तोंड फिरवून कॉम्प्युटरकडे बघत राहिले. मला रडू येत होतं आणि ते त्यांना दिसू द्यायचं नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. बाबा घरी आले ते गळ्याशी श्वासासाठी एक भोक घेऊन, वर पांढरं फडकं बांधून. आईला बोलवायचं तर टाळी वाजवायचे. सुरुवातीला आई दचकायची. पुढे सवय झाली, पण टाळी ऐकली की तिचा चेहरा उतरायचा, तो कायम तसाच.

घरातली माणसं जरा सावरल्यावर मी कॉम्प्युटरला सीडी रायटर बसवून घेतला. कॉम्प्युटरला हात लावायला आई घाबरायची. सीडी असली तर तिला बटण दाबून हवं तेव्हा ऐकता येईल, असा विचार होता. पहिली सीडी घरातल्या प्लेअरनं वाचलीच नाही, कारण मी नुसत्या फायली उतरवल्या होत्या, गाण्याची सीडी केली नव्हती. दुसरी अर्ध्यात असताना लाइन गेली, ती पुढे आईनं रांजणावरच्या पेल्याखाली ठेवायला घेतली. तिसरीत दर थोड्या वेळानं टक टक वाजायचं. गती सगळ्यात कमी ठेवली तेव्हा ते थांबलं. क्लासमधल्या पोरांना मी कॉम्प्युटर शिकवत होते आणि माझ्याच्यानं एक सीडी होत नव्हती, याचा मला भयंकर राग येत होता.

चौथी सीडी स्वच्छ वाजली. ऐकायला आई होती आणि बाबांना ढोलकीची साथ करणारे काका होते. भजन सुरू झालं, आणि आवाज बाबांचा होता तरी बाबांचा वाटेना. जाड, संथ, दमल्यासारखा. काकांनी डोळे पुसले. “बिमारी होती अंगात. आवाज बसतेच.”

“हो,” आई म्हणाली, “आपल्याले तवा समजलं नाई.”

मलाही ते पटलं. दुखण्यानं आवाज जड झाला होता आणि आम्ही घाईत तसाच भरून घेतला, यात न पटण्यासारखं काय होतं? फक्त बाबा मान हलवत होते. नाही, नाही. बोट सीडीकडे, मग स्वतःकडे, मग पुन्हा नाही. मी चिडून म्हणाले, “बाबा, जसा होता तसा आला. आता मी काय करू?” त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं, उठले आणि आतून पेटी घेऊन आले.

ऑपरेशननंतर पेटीला त्यांनी पहिल्यांदाच हात लावला होता. भाता उघडून त्यांनी काळी दोन दाबली. सीडीतलं भजन तिच्या खाली वाजत होतं. मग त्यांनी तिच्या खालची पांढरी दाबली, तीही जुळेना. तिच्या खालची काळी एक दाबली, तर भजन आता तिच्या वर. बाबांचा सूर दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत पडला होता, आणि तिथे सूर लावणारा माणूस बाबा नव्हते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. हातच्या काकणाला आरसा कशाला?

आजारानं आवाज खरखरीत होईल. पण सीडीत तर पेटीही उतरली होती, आणि पेटीला कुठलं आलंय दुखणं. घोळ मीच घातला होता. आमचा कॉम्प्युटर आवाजाचे सेकंदाला जितके तुकडे करून ठेवायचा, सीडी त्यापेक्षा कमी तुकडे वाजवते. रायटर फाईल घेईना, म्हणून मी फाईलवरचा आकडा तेवढा बदलून दिला होता. पोत्यावरची चिठ्ठी बदलली, माल तोच ठेवला. म्हणून सगळं हळू आणि खालच्या सुरात वाजत होतं. फाईल नीट बदलून घेऊन नवी सीडी केली आणि ती लावली, तेव्हा बाबांनी काळी दोन दाबून धरली. दोन्ही सूर एक झाले. बाबा पूर्ण भजनभर पेटी वाजवत राहिले. ओठ हलत होते. मी तिथेच बसून रडले, या वेळी लपवलं नाही.

आईनं आठही भजनं ऐकली. मग म्हणाली, “मधातलं बोलणं काऊन काढलं?”

भजनांच्या मधलं बाबांचं बोलणं, खाकरणं, चक्कीवाल्याला घातलेल्या शिव्या, हे सगळं मी कापलं होतं. सीडी साफ हवी म्हणून. तसं मी तिला सांगितलं.

“गाणे त मंडळातलं कोनीई म्हणते,” ती म्हणाली. “ह्यायचं बोलणं कोण बोलीन?”

मूळ फायली मी पुसल्या नव्हत्या, म्हणून वाचले. काहीही न कापता आणखी एक सीडी केली. ती दुसऱ्या दिवशी सकाळी लावली तेव्हा आई स्वयंपाकघरात भाकरी थापत होती आणि बाबा बाहेरच्या खोलीत प्लेअरसमोर बसले होते. एक भजन संपलं. प्लेअरमधून बाबा खाकरले आणि म्हणाले, “अवं, पाणी आणजो वं जरासं.”

आई पिठाच्या हातानं तशीच उठली. पेला भरला, बाहेर आली आणि बाबांसमोर धरला. मग तिच्या लक्षात आलं. पेला मागे घ्यावा की काय तिला कळेना, ती नुसती उभी राहिली. बाबांनी एकदा प्लेअरकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि पेला हातात घेऊन सगळं पाणी प्यायले.