चौथ्या कंदीलवाल्याची वकील

हात्सुए मिझोए चाळिशीपर्यंत जपानमधल्या कुरुमेतल्या रबरी बुटांच्या कारखान्यात बुटांना तळ चिकटवत होती. कारखान्याने माणसं कमी केली तेव्हा तिने बाजारगल्लीत जुन्या व्हिडिओ गेमचं दुकान घेतलं. गेममधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पण न चाखलेला माल विकायचा नाही, असा तिचा हट्ट. दुकानात आलेला प्रत्येक गेम ती आधी स्वतः खेळायची, तोही शेवटपर्यंत.

‘कंदीलवाला’ या मालिकेवर सगळ्या गावाचा जीव. पहिल्या तीन भागांत नायक तलवार फिरवत डोंगर पालथे घालतो. चौथ्यात मात्र त्याचा पाय अधू होतो, तलवार जाते आणि हातात उरतो नुसता कंदील. लोकांनी त्या भागाला इतक्या शिव्या घातल्या की इतर दुकानदार तो पडेल किमतीच्या मालाच्या टोपलीत फेकून ठेवत. हात्सुएने तो तिसऱ्या आणि पाचव्याच्या मधोमध, त्याच्या हक्काच्या जागी मांडला.

“काकू, ती रद्दी काढा की तिथून,” टॅक्सीवाला उशिजिमा दर वेळी टोमणा मारायचा.

“खेळलात किती?”

“पहिल्या पुलापर्यंत. गोगलगाय बरी!”

“म्हणजे भाताचा वास घेऊन उठलात, आणि जेवण बेचव म्हणता.”

मालिकेला पंचवीस वर्षं झाली म्हणून फुकुओकात चाहत्यांचा मेळावा ठरला. मोठ्या पडद्यावर सगळे भाग खेळायचे होते, चौथा सोडून. हात्सुएने आयोजक आमागीला फोन लावला.

“मिझोएसान, लोक उठून जातील हो,” तो अजिजीने म्हणाला.

“जाऊ देत. उठून जाण्यासाठी तरी आधी बसावं लागतं ना?”

आमागीला हसू आलं. त्याने जेवणानंतरची, लोक पेंगतात ती वेळ देऊ केली. हात्सुएने ती आनंदाने घेतली.

मंचावर ती एकटी खेळली नाही. तिने सभागृहात बसलेल्या उशिजिमाला हाक मारली, “या, सगळ्यात मोठ्याने शिव्या देणारा माणूस हवाय मला.” हशा पिकला. तो लाजत, कुरकुरत वर आला आणि पहिल्याच पुलावर नायकाला पळवू लागला. कंदील फडफडून विझला, नायक दरीत गेला. पुन्हा तेच. मागून कोणीतरी ओरडलं, “बंद करा!”

उशिजिमा उठायला लागला. हात्सुएने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “लंगडा माणूस आहे तो. त्याच्या पायाने चाला.”

तो खाली बसला आणि नायकाला हळूहळू चालवू लागला. ज्योत मोठी झाली. पुलाच्या मध्यावर खालचं धुकं विरलं आणि दरीभर दिवे लुकलुकले. पहिल्या तीन भागांत नायकाने वाचवलेली गावं एकामागून एक उजळत होती. पळणाऱ्याला ती कधी दिसलीच नव्हती. पेंगणारं सभागृह ताठ बसलं. कोणीतरी आपल्या आवडत्या गावाचं नाव घेतलं, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनीच.

हात्सुएने ध्वनिक्षेपक घेतला. “यातलं तिसरं प्रकरण भिकार आहे. गुहेत काही दिसत नाही, मीसुद्धा तिथे वैतागले. वाईट ते वाईटच म्हणायचं. पण तिथवर जाऊन म्हणायचं.”

उशिजिमा मंचावरच ते प्रकरणही खेळला, शिव्या देत, घाम पुसत. उरलेला गेम त्याने घरी आठवडाभर खपून संपवला आणि तडक दुकानात आला.

“काकू, नाही आवडला. चालून चालून जीव जातो. पूल तेवढा झकास. पण गुहा? आणि शेवटच्या डोंगरावरचा तो म्हातारा, काय बोलतो ते त्याला तरी कळतं का?”

तो तासभर चौथ्या भागाचं एकेक हाड मोकळं करत होता. हात्सुएने चहा ओतला. इतकी खरी, इतकी नेमकी निंदा त्या गेमच्या वाट्याला आजवर आली नव्हती. कारखान्यात उत्तम कारागिरीचं बक्षीस मिळालं होतं त्या दिवशीही तिची मान इतकी ताठ नव्हती.