टाकीचं नवीन झाकण

बाबा त्यांची गाडी शोधायला गेले आणि परत आले नाहीत.

गाडी तेव्हा आमच्या दारातच उभी होती.

आज त्यांचा जलदान विधी झाला. पाहुणे गेले. दिवसभर जो तो एकच विचारत होता, असं कसं झालं? सांगून सांगून जीव थकला. म्हणून एकदाच सगळं लिहिते, यानंतर कोणी विचारू नका.

माझे बाबा ड्रायव्हर. गाडी स्वतःची, पांढरी अँबेसिडर. आता येणारे-जाणारे तिला क्लासिक म्हणतात, टेकून सेल्फी काढतात. बाबा तिला नुसतं 'गाडी' म्हणायचे. आमच्या जानेफळच्या कितीतरी बाळंतिणी तिच्यातूनच मेहकरच्या दवाखान्यात गेल्या.

तिच्या पेट्रोलच्या टाकीला कधी कुलूप नव्हतं. घरात पेशंट आहे आणि मोटरसायकलमध्ये पेट्रोल नाही, असं झालं तर बाबांना उठवायचंही नाही. नळी टाकायची, पेट्रोल काढायचं, निघायचं. सकाळी येऊन सांगायचं.

आई चिडायची. बाबा म्हणायचे, "कुलूप लावलं तं तो दार वाजवत बसीन. तवरोक तिकडं माणूस जाईन."

मग त्यांना विसरण्याचा आजार लागला.

आधी लोकांची नावं गेली. मग गावातले रस्ते. मग मी.

मला 'मॅडम' म्हणायला लागले. आयुष्यभर मागच्या सीटवरच्या नोकरीवाल्या बायांना म्हणायचे, अगदी तसं.

फक्त गाडी चालू झाली की बाबा परत यायचे. मी पतसंस्थेतून सुटले की रोज त्यांना शेजारी बसवून गावाबाहेर एक चक्कर मारायची. एसटी स्टँड मागे पडलं की बाजूने आवाज यायचा,

"सुजे, क्लच पुरा दाब वं. गाडीले त्रास होते."

दिवसातला तेवढाच वेळ मला बाप असायचा. त्यामुळे गाडी बंद पडून चालणारच नव्हतं.

तिचा रेडिएटर कायमचा गळका. बाबा रोज सकाळी बॉनेट उघडून तांब्याने पाणी घालायचे. डोकं विसरलं तरी हातांना ते काम पाठ होतं. पण एका सकाळी हातही चुकले, आणि पाणी रेडिएटरऐवजी पेट्रोलच्या टाकीत गेलं.

टाकी उतरवून साफ करावी लागली. गाडी बंद होती तितके दिवस मी नुसती मॅडम.

गाडी दुरुस्त होऊन आली आणि बाबांनी पुन्हा तेच केलं. मिस्त्री आईला म्हणाला, वहिनी, आता चावीचं झाकण बसवा, नाहीतर इंजिन कामातून जाईल.

त्यानेच चिखलीहून ते आणलं. जुनं काढलं, नवीन बसवलं, चावी आईने पदराला बांधली. काम इतकं सोपं होतं की आम्ही दोघी मायलेकी खूश झालो.

दुसऱ्या सकाळी बाबा तांब्या घेऊन टाकीपाशी गेले. झाकण फिरेना. वाकून चावीच्या जागेवर बोट फिरवलं. गाडीभोवती एक फेरी मारली. मग माझ्याकडे आले, अदबीने.

"मॅडम, हे गाडी कोनाची व्हय?"

"तुमचीच, बाबा."

"नाही. माह्या गाडीले कुलूप नसते."

संध्याकाळी ते गाडीत बसलेच नाहीत. मालकाला न विचारता परक्याच्या गाडीत कसं बसायचं, म्हणाले. सगळं विसरले, ड्रायव्हरची इमानदारी तेवढी विसरले नाहीत.

मी म्हटलं, काढून टाकू झाकण. आई म्हणाली, दोन दिवस थांब, सवय होईल, नव्या चष्म्याची झालीच ना. यात तिचं चुकलं असं कोणी म्हणायचं नाही. मलाही ते पटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आईचा जरा डोळा लागला आणि बाबा निघाले. मे महिन्याचं ऊन. हातात पाण्याने भरलेला तांब्या.

वाटेत भेटेल त्याला विचारत होते, माही पांढरी गाडी पाह्यली का? टपरीवरच्या एकाने मजेत सांगितलं, "आत्ताच गेली ना काका, मेहकरकडे."

बाबा मेहकरच्या रस्त्याला लागले.

तो माणूस अंत्यविधीला सगळ्यात मागे उभा राहून रडत होता. त्याला मी काही बोलले नाही. बाबा घरात त्यांच्या कधीच्या वारलेल्या आईला शोधायचे, तेव्हा आम्हीही सांगायचोच की, आत्ताच बाजारात गेली.

मी तीच गाडी काढून त्यांना शोधत फिरले. गावाच्या बरंच पुढे, बाभळीखाली बसलेले दिसले. पाठ झाडाला टेकलेली. हाक मारली, हलवलं. काही उरलं नव्हतं. डॉक्टर नंतर म्हणाले, उष्माघात.

तांब्या शेजारी नीट ठेवलेला होता. हिंदकळून सांडलं असेल तेवढंच कमी, बाकी पाणी तसंच.

त्यातला एकही घोट त्यांनी घेतला नव्हता. ते पाणी गाडीसाठी होतं.

त्यांना मागच्या सीटवर झोपवून मीच घरी आणलं. प्रत्येक गिअरला क्लच पूर्ण दाबला. बाजूने आवाज आला नाही.

आज भंतेजी गेल्यावर आई उठली. पदराची चावी सोडली, नवीन झाकण काढलं आणि जुनं बसवलं. मेलेलं माणूस परत येतं, असलं काही मानायचं नाही, हे लहानपणी मला तिनेच शिकवलंय. तीच म्हणाली,

"मले ठाऊक आहे, येत नसते कोनी. पन त्यायची गाडी त्यायले वळखू आली पाह्यजे."

गावकऱ्यांनो, टाकीला आता कुलूप नाही. अडलंनडलं तर नळी टाका, उठवू नका. सकाळी सांगितलं तरी चालेल.

बाबा, गाडी दारातच आहे. पाणी मी घातलंय.

तुमच्या सुजीचा शेवटचा जयभीम.