आत्ताकाकूंची पेटी

अख्खी गल्ली त्यांना आत्ताकाकू म्हणायची. खुर्चीचा पाय मोडू दे, दार फुगू दे, कुणाला घाईने पाळणा लागू दे, काकूंचं उत्तर ठरलेलं, "आत्ता देते." आणि खरंच द्यायच्या हो! नवरा गेल्यावर सुतारकामाचं दुकान त्यांनी एकटीने ओढलं, मुलगा वाढवला, आणि पुढे गावातल्या सगळ्या सुतारांनी त्यांनाच मुख्य नेमलं. राग मात्र कायम नाकावर. त्यांच्या पटाशीला कुणी न विचारता हात लावला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

राजाला मारलं की लढाई होते, असं सगळीकडे शिकवतात. आमच्याकडे झाली नाही, आणि ती या बाईने होऊ दिली नाही.

राजाला गोळी घातली ती तहाच्या आदल्या दिवशी. शेजारच्या राजाला भेटून लढाई टाळायची, असं त्याने ठरवलं होतं. मारेकरी जागीच सापडला, पण तोंड उघडेना. सेनापतीने मात्र लगेच उघडलं. "हे शेजाऱ्यांचंच काम!" झालं, लढाई ठरली. अडचण एकच होती. राजाला मूठमाती मिळेपर्यंत सैन्याने सीमा ओलांडायची नाही, हा जुना नियम, आणि तो मोडायला शिपाईसुद्धा तयार नव्हते. राजाची शवपेटी करायची मुख्य सुताराने, म्हणजे काकूंनी.

काकूंचा मुलगा सीमेवर, पहिल्या रांगेत. गल्लीतल्या पाववालीचे दोघे मुलगे त्याच्याच शेजारी. पेटी झाली की ही पोरं मरायला निघणार, हे काकूंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सेनापती स्वतः दुकानात आला. भिंतीशी गोणपाटाने झाकलेलं बाकडं होतं, त्यावर ऐसपैस बसला.

"पेटी कधी मिळेल?"

"बघू."

गल्लीने कान टवकारले. काकू आणि बघू?

"लाकूड ओलं आहे, साहेब. आत्ता केली तर तडकेल. राजाच्या पेटीला भेग चालेल का तुम्हाला?"

पुढे एक दिवस सांधाच बसेना, मग करवतीची धार गेली. सेनापती रोज यायचा आणि त्याच बाकड्यावर बसून मांडीवर मूठ आपटायचा. दुसरे सुतार बोलावले, तर एकाची कंबर धरलेली, दुसऱ्याचा हात मुरगळलेला, आणि तिसरा म्हणाला, मला भुशाने शिंका येतात. जन्मभर सुतारकी करून!

शेवटी सेनापतीने आवाज उतरवला. "बाई, तुमचा मुलगा उद्या घरी आणतो. इथेच कचेरीत बसवतो. पेटी द्या."

खोटं कशाला बोला, होकार काकूंच्या अगदी ओठांवर आला होता. एकुलता एक पोर! पण दारात पाववाली टोपली घेऊन उभी होती, आणि तिने सगळं ऐकलं होतं.

"आणि हिचे दोघे?" काकूंनी विचारलं.

"तुमच्यापुरतं बोला."

काकूंनी हातातला रंधा खाली ठेवला. "लाकूड अजून ओलं आहे."

"तुरुंगात टाकीन!"

"टाका की. तिथे हत्यारं कोण देणार मला? पेटी आणखी लांबेल."

तो तणतणत गेला. काकूंनी दार लावलं आणि पाववालीच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडल्या. "हातात आलेलं पोर सोडलं गं मी." पाववालीही रडली. सकाळी काकू पुन्हा दुकानात हजर. लाकूड ओलंच.

आणि एक दिवस सेनापती आलाच नाही. दुपारी दारात राणी उभी राहिली, डोळे सुजलेले. तह होऊ नये म्हणून मारेकऱ्याला सेनापतीनेच पाठवलं होतं. लढाईच्या गडबडीत सोडवतो, असा शब्द दिला होता. लढाई काही सुरू होईना आणि हा कोठडीत कुजत पडला. अखेर वैतागून त्याने सगळं ओकून टाकलं.

"सेनापतीला अटक झाली," राणी म्हणाली. "तह मी करतेय. पोरं परत निघाली आहेत. आता तरी माझ्या माणसाला निजू द्या, काकू. अजून किती दिवस?"

"आत्ता देते."

काकूंनी बाकड्यावरचं गोणपाट ओढलं. बाकडं कसलं, पेटीच ती! गुळगुळीत, सांधे घट्ट, कुठे भेग नाही.

"पहिल्याच दिवशी केली होती, राणीसाहेब. भला माणूस होता. त्याला असं ताटकळत ठेवायचं माझ्या जिवावर आलं होतं. पण पोरं अजून जिवंत होती."

राणीने झाकणावरून हात फिरवला. "आणि तो रोज..."

"रोज यावरच बसायचा. नंतर साबणाने पुसून घ्यायचे मी."

राणीला रडता रडता हसू फुटलं.

पेटी उचलायला सीमेवरून परतलेली पोरं आली. काकूंचा मुलगा पुढे, पाववालीचे दोघे मागे. काकूंनी एकेकाच्या खांद्यावर पेटी नीट बसली का ते पाहिलं, मुलाच्या गालावरून हात फिरवला आणि त्याला दटावलं, "सावकाश ने रे. घाई कसली आहे?"