मालुबाई आणि उरलेली बारा पोरं

आमच्या शाळेचा हेडमास्तर मी आहे, हे मला माहीत आहे आणि तालुक्याच्या शिक्षण खात्याला माहीत आहे. मुलांच्या लेखी शाळा मालुबाईची. मूळची गुंजीची ही बाई गेली अठरा वर्षं इथे बिसिऊट, म्हणजे मुलांचं दुपारचं जेवण, शिजवते. हजेरी मी घेतो. पण कोण घरून उपाशी आलंय आणि कोण मार खाऊन आलंय, हे तिला पळी हातात घेतल्या घेतल्या कळतं. एकदा मी चव बघायला म्हणून रांग सोडून पुढे गेलो, तर "सर, ताट घिऊन मागं ऱ्हावा" म्हणाली. राहिलो. भूक लागली होती.

मागच्या जूनमध्ये अनगोळहून शाल्मली आली. ज्या मुलांना वाचताना अडखळायला होतं, ज्यांचं लक्ष पाच मिनिटंही एका जागी टिकत नाही, त्यांना मदत कशी करावी यावर तिची पीएच.डी. चालली होती. तिसरी-चौथीतली अशी चोवीस मुलं तिने निवडली आणि निम्मी-निम्मी केली. पहिल्या बारांना रोज अर्धा तास खास शिकवणी: शब्दाचे तुकडे टाळ्या वाजवून मोजायचे, आणि मधोमध फट कापलेली पुठ्ठ्याची पट्टी पुस्तकावर सरकवायची, म्हणजे एका वेळी एकच ओळ दिसते. उरलेल्या बारांना काहीच नाही. शेवटी दोन्ही गटांची परीक्षा. फरक दिसला तर पद्धत खरी आणि शाल्मली डॉक्टर. नाही दिसला तर तिची तीन वर्षं पाण्यात. 'उरलेल्यांना यातलं काहीही मिळू देणार नाही' अशा कागदावर मी सही करून दिली. हेडमास्तर वाचून सह्या करू लागले तर शाळा उघडायला दुपार होईल.

मार्चमध्ये परीक्षा झाली. शाल्मली स्टाफरूममध्ये लॅपटॉप उघडून बसली आणि तिचा चेहरा उतरत गेला. पहिले बारा छान सुधारले होते. उरलेले बाराही तेवढेच सुधारले होते, आणि त्यांतली ऋतिका नावाची पोर तर सगळ्यांच्या पुढे.

"सर, या दुसऱ्या गटाला कोणी शिकवलं?"

"आम्ही? छे!" मी म्हणालो. आमच्या शिक्षकांवर असा आरोप याआधी कोणी केला नव्हता.

ऋतिकाला बोलावलं. तिने दप्तरातून पट्टी काढली. तेलाच्या खोक्याचा पुठ्ठा, मधली फट भाजीच्या सुरीने कापलेली. पुढे काही विचारायची गरजच उरली नाही.

झालं होतं ते असं. शिकवणीच्या वेळी उरलेली पोरं व्हरांड्यात बसून आतल्या टाळ्या ऐकायची. मालुबाईने दोन दिवस ते बघितलं. तिसऱ्या दिवशी दारात उभं राहून तिने सगळी पद्धत शिकून घेतली आणि पोरांना स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर बसवलं. वर नियम काढला: जे ताटात पाहिजे त्याच्या टाळ्या वाजवल्याशिवाय पळी हलणार नाही. 'चित्रान्न'च्या टाळ्यांवरून भात गार होईपर्यंत भांडणं चालायची. आठ महिने मी तो गलका ऐकत होतो. मला वाटलं, भजन चाललंय.

शाल्मली रडकुंडीला आली. "मालुआक्का, माझं तीन वर्षांचं काम गेलं हो!"

मालुबाईला खरंच वाईट वाटलं. ती पदराला हात पुसत राहिली, पण मान काही खाली घातली नाही. "बाई, निम्म्या पोरास्नी वाढायचं आनी निम्म्यास्नी नुसता वास द्यायचा? अठरा वर्सात मी असं कदी केलं न्हाय."

"अहो, फरक कळायला दुसऱ्या गटाला थांबवावंच लागतं."

"थांबवा की! लगनात सगळी मानसं पयल्या पंगतीला मावत्यात व्हय? दुसरी पंगत थांबतीच. पन ती बसवायची असती. तुमच्या कागदावर दुसरी पंगतच न्हाय."

शाल्मलीने आपल्या गाईडना फोन लावला. ते बराच वेळ बोलले. आधी एका गटाला शिकवून मोजमाप घ्यायचं आणि नंतर दुसऱ्याला शिकवायचं, असाही अभ्यास करतात म्हणे. चिकोडीच्या एका शाळेत जूनपासून तो नव्याने करायचं ठरलं. एक वर्ष वाया गेलं, पण पीएच.डी. वाचली. हे आधीच का सुचलं नाही, असं गाईडनी विचारल्यावर शाल्मली म्हणाली, "सर, मी स्वयंपाकघरात गेलेच नव्हते."

मला वाटलं, मिटलं. मालुबाई हलेना.

"चिकोडीची दुसरी पंगत कवा बसनार?"

"दिवाळीनंतर."

"तसं नगं. तारीख लिवून द्या."

"आक्का, माझ्यावर विश्वास नाही?"

"हाय की. पन दुसरीत मला वाचाय येईना म्हनून मास्तरांनी मागं बसवलंतं. लई चांगला मानूस. म्हनाले, हिचं फुडच्या वर्षी बघू." तिने हात पुन्हा पदराला पुसले. "मी वाट बघत बसलो. कुनी बघितलंच न्हाय. मग शेन काढाय गेलो."

मला लाज वाटली. ते वाक्य मीही दर मार्चला बोलतो.

शाल्मलीने कागद घेतला, लिहिलं, सही केली. मालुबाईने तो टेबलावर पसरला, कमरेला खोचलेली पट्टी काढून ओळीवर ठेवली आणि ओठ हलवत वाचू लागली. पगाराच्या रजिस्टरवर ही बाई अठरा वर्षं अंगठा उठवत आली होती. बऱ्याच वेळाने तिने मान वर केली.

"बाई, वार हाय, तारीख हाय, म्हयना हाय. वरीस घालायचं ऱ्हायलं."

शाल्मलीने पुन्हा पेन उघडलं आणि वर्ष घातलं.