जिलबीची पहिली पंचमी

आमच्या सुनेनं रुखवतात फारसं काही आणलं नव्हतं. त्याची भरपाई म्हणून की काय, लग्नानंतर काही महिन्यांनी तिनं साप आणला.

सून प्राची मूळची लातूरची. इथं नांदेडला कॉलेजात मुलांना प्राण्यांचं शिकवते. तिची लातूरची एक मैत्रीण परदेशी निघाली, तिनं पाळलेला साप कुणाला तरी द्यायचा होता, आणि आमची सून "मी घेते" म्हणून बसली. बाहेरदेशी जातीचा, बिनविषारी, वर सरकारदरबारी नोंद केलेला. ("आई, त्याची सगळी कागदं आहेत," असं तिनं मला धीर द्यायला सांगितलं. माझा जन्मदाखला अजून सापडलेला नाही आणि सापाला कागदं!)

अजून पिल्लूच होतं ते. करंगळीएवढं जाड, हात-दीड हात लांब, रंग केशरी. वेटोळं करून बसलं की हलवायाच्या परातीतली जिलबीच. म्हणून नाव जिलबी. नर असला तरी जिलबीच.

आमच्या ह्यांनी पेटीला लांबूनच एक फेरी मारली.

"घरात साप निघाला तर लोकं काठी शोधतेत. आपण त्याला काचंची पेटी आणून राहिलो!"

"बाबा, तो काही करत नाही हो," प्राची म्हणाली. "उलट तोच भ्यालाय. घर बदललं की हे बुजतात. जेवण सोडतात. थोडे दिवस द्या त्याला."

"नागपंचमीपर्यंत देतो. जेवला तर राहू दे. न्हाई जेवला तर लातूरला परत. उपाशी जीव मला घरात नको."

लातूरला त्याला घ्यायला एकजण तयार होताच. पण पोरीचं तोंड एवढंसं झालं. ते मला बघवलं नाही. ही नवीन आली तेव्हा हीसुद्धा चतकोर भाकरी खाऊन "पोट भरलं" म्हणायची आणि मान खाली घालून बसायची. मी मनाशी ठरवलं, जिलबीला जेवू घालायचंच. ठरवताना तो काय जेवतो हे मात्र मी विचारलं नव्हतं.

तो उंदराची पिल्लं जेवतो! गोठवलेली! ती आमच्या फ्रिजमध्ये, वरच्या कप्प्यात, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवलेली! मी लहानपणापासून अंडंसुद्धा फोडलेलं नाही. त्या दिवसापासून मी बर्फाचं थंड पाणी सोडलं.

त्यात पहिली पंचमी. पहिल्या पंचमीला सून माहेरी जायचीच. मुलगा तिला घेऊन लातूरला गेला. जाताना प्राचीनं मला पुन्हा पुन्हा समजावलं. पेटीवर फडकं टाकून ठेवायचं. आवाज करायचा नाही. हात लावायचा नाही. दूध तर अजिबात नाही, साप दूध पीत नाहीत. आणि पंचमीच्या दिवशी एक पिल्लू वाटीत कोमट पाण्यात ठेवायचं, गरम झालं की चिमट्यानं धरून पुढं करायचं.

"जमेल ना आई?"

मी मान हलवली. (मला कुणापुढं तोंड उघडायचं म्हटलं की घाम फुटतो. पाव्हणे आले की मी आतच असते. मान हलवणं हा माझा जन्माचा तोडगा आहे.)

खरं सांगते, सुरुवातीचे दिवस बरे गेले. घरात आवाज नको म्हणून मी मिक्सर लावला नाही, वाटणाचं काम सगळं पाट्यावर केलं. कुकरच्या शिट्ट्या नकोत म्हणून वरण पातेल्यात शिजवलं. ह्यांना शिंकायलासुद्धा अंगणात पाठवलं. एवढं सगळं गुपचूप चाललेलं बघून शेजारच्या कोंडामावशीला संशय आला.

"कामून गं? घरात कोण आजारी हाय का?"

मी लई हळू आवाजात सांगितलं, सुनेनं साप आणलाय, लहान हाय, बुजलाय, कुणाला सांगू नका.

मावशीनं कुणाला सांगितलं नाही. सगळ्यांना सांगितलं.

पंचमीला मी सकाळीच उकडायला पुरणाची दिंडं लावली. ह्या सणाला आमच्याकडे तवा ठेवत नाहीत, विळीला हात लावत नाहीत. आणि अशा सोवळ्या दिवशी मी डोळे मिटून, तोंडानं देवाचं नाव घेत, त्या डब्यातलं एक पिल्लू वाटीतल्या कोमट पाण्यात सोडलं. वर झाकणी ठेवली. हे गावाकडं शेतावर गेलेले. घर शांत. आता जिलबी जेवणार, पोरगी उद्या येऊन हसणार, असं वाटून मला जरा बरं वाटलं.

तेवढ्यात दार वाजलं.

दारात सगळी गल्ली! नव्या साड्या, हातात दूध, लाह्या, हळदी-कुंकू, दुर्वा. सगळ्यांच्या पुढं कोंडामावशी.

"दरसाल भिंतीवर गंधाचा नागोबा काढून पुजतो आम्ही. आन् यंदा खरा भाऊ गल्लीत आलेला असताना भिंत कामून पुजायची?"

आमच्याकडं पंचमीला नागोबा म्हणजे बायकांचा भाऊ. त्याच्यासाठी आदल्या दिवशी उपास धरतात. आता भावासाठी उपाशी राहिलेल्या बहिणींना दारातून परत कसं पाठवायचं? मी तोंड उघडलं. आवाज आला नाही. मी मान हलवली. त्या आत आल्या!

मावशीनं पेटीवरचं फडकं काढलं.

"आगं माय! किती गोजिरा हाय! नाव काय भावाचं?"

"जिलबी," मी पुटपुटले.

"भावाचं नाव जिलबी?"

"मग जेवायला काय घालता, मठ्ठा?" मागून कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या खो-खो हसल्या.

जिलबीनं तोंड वेटोळ्यात खुपसलं. मलाही तेच करावंसं वाटत होतं. कुणी झाकण उघडून लाह्या टाकल्या, कुणी दुर्वा. मग त्यांनी पेटीभोवती फेर धरला आणि गाणी सुरू केली, तीही टाळ्या वाजवून! मी मागून म्हणत होते, "तो बुजतो हो... तो दूध पीत न्हाई हो..." पण माझा आवाज माझ्याच पदरापर्यंत पोचत होता.

"दूध गार हाय," कोंडामावशी म्हणाली. "भावाला गार कामून द्यायचं? कोमट करून आणते."

ती स्वयंपाकघरात गेली, तेव्हा कुठं माझ्या पायात जोर आला. मी धावले, पण मावशी माझ्याआधी ओट्यापाशी पोचली होती.

"दिंडं हायत का गं ह्याच्यात?" म्हणत तिनं झाकणी उचलली.

मावशीची ती किंकाळी गोदावरीच्या पलीकडं गेली असेल. वाटी खाली, पाणी फरशीवर, पिल्लू मधोमध. मावशी बाहेर धावली. बाहेरच्या आत धावल्या. मधल्या दारात सगळ्या एकमेकींवर आपटल्या आणि त्यातच कुणाचं तरी लक्ष पेटीकडं गेलं. झाकण उघडं. पेटी रिकामी.

"आगं बया! भाऊ सुटला!"

भावासाठी उपास धरलेल्या बहिणी चपला सोडून पळाल्या!

घरात मी एकटी राहिले. मी स्वयंपाकघरातच भिंतीला टेकून, पाय दुमडून खाली बसले. डोळ्यापुढं प्राचीचं तोंड येत होतं. जेवणं लांबच, आता तर तो सापडणंसुद्धा कठीण. काय सांगू पोरीला?

घर मात्र कधी नव्हे इतकं शांत झालं होतं.

सिलिंडरच्या मागून एक केशरी नाक बाहेर आलं.

तो आला. हळूहळू, जीभ आतबाहेर करत, माझ्या पायाच्या बोटांना वळसा घालून. मी ओरडायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. (या तोंडानं जन्मभर दगा दिला, त्या दिवशी पहिल्यांदा उपयोगी पडलं.) तो फरशीवरच्या पिल्लापाशी थांबला आणि ते हुंगून माझ्यापासून वीतभर अंतरावर शांतपणे जेवायला लागला. मी डोळे मिटायचेही विसरले. जेवण झाल्यावर तो पळताना मावशीच्या हातातून पडलेल्या लाह्यांच्या पिशवीत शिरला आणि गपगार झाला. मी पिशवीचे बंद दोन बोटांनी धरले, देवाचं नाव घेतलं आणि पिशवीसकट त्याला पेटीत ठेवून झाकण लावलं. (पिशवी परत न्यायला मावशी अजून आलेली नाही.)

मान वर केली तर खिडकीत सगळ्या गल्लीची तोंडं!

"हाललीसुद्धा न्हाई बघ ती!"

"मांडीपाशी बसवून जेवू घातलं भावाला!"

तेवढ्यात हे आले. दारात चपलांचा ढीग, खिडकीत बायकांची गर्दी. बिचारे घाबरूनच आत आले.

"काय झालं? कोण गेलं?"

"कुणी गेलं न्हाई, दाजी. जेवला!" खिडकीतून मावशी ओरडली.

ह्यांनी आधी पेटीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मग राहू दे," एवढंच म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले.

प्राचीला फोनवर सांगितलं तर पोरगी रडायलाच लागली. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या माझ्या गळ्यात पडली. "आई, तुमचा केवढा धीर! त्याला तुमचीच सवय झालीय. आता तुम्हीच भरवत जा." माझे पाय बधिर झाले होते म्हणून मी हलले नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. मी मान हलवली.

तेव्हापासून भरवते. डोळे गच्च मिटून. मागच्या खेपेला तसंच डोळे मिटून ओट्यावरून चिमट्यात धरलं, पेटीत पुढं केलं आणि वाट बघत राहिले. बराच वेळ झाला तरी तो काही ओढीना, म्हणून एक डोळा उघडला. चिमट्यात भेंडी! जिलबी तिच्यापुढं जीभ आतबाहेर करत मुकाट बसला होता. तोंडावर नको म्हणायचा संकोच वाटत असणार. माझ्या हाताखाली वाढणारा जीव दुसरं काय शिकणार!